पलटणीचा माग: घराण्यातील सैनिकी सेवेचा शोध कसा घ्यावा

पणजोबांचे रुपेरी पदक मी पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा त्यावरचा राजाचा चेहरा पाहण्यातच माझे सगळे लक्ष गेले. पदकाची कड वाचायची असते हे मला ठाऊक नव्हते. पुढे गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी ते खिडकीशी नेले, उजेडात तिरके धरले आणि कडेवर कोरलेली बारीक इंग्रजी अक्षरे नखाने दाखवली: आधी चार आकडी क्रमांक, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी ‘११७ मराठा’. आमच्या घरात तीन पिढ्या सांगितले जात होते की पणजोबा फ्रान्सला लढले. पण ११७वी मराठा पलटण फ्रान्सला गेलीच नव्हती. ती नोव्हेंबर १९१४ पासून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. चुलतआजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग बसरा बसरा म्हणायचे ते काय होतं?” बसऱ्याची आठवण घरात होतीच, फक्त ती कोणी विचारली नव्हती.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगर, पुणे या भागांतल्या असंख्य घरांत असा एखादा बिल्ला, एखादी पेन्शनची वही किंवा पटका बांधलेल्या माणसाचे पिवळे पडलेले छायाचित्र आहे. त्यावरून दोन, तीन, कधी चार पिढ्यांची सेवा शोधून काढता येते. या कामाचा एक नियम सुरुवातीलाच मनाशी पक्का करावा, तो म्हणजे माणसाचे नाव आणि गोष्ट बदलत जाते, क्रमांक आणि पलटण सहसा बदलत नाही (पलटणीला काळानुसार मिळालेली वेगवेगळी नावे पुढे दिली आहेत); म्हणून शोध नावाने न करता क्रमांक आणि पलटण यांच्या आधाराने करावा, आणि तो नेहमी अलीकडून मागे जावा. पणजोबांपासून आरंभ करणारे बहुतेक जण वाटेत अडकतात, कारण त्यांच्याकडे पणजोबांना आजोबांशी जोडणारा कागद नसतो.

ट्रंकेतून सुरुवात

घरातली लोखंडी ट्रंक, देव्हाऱ्यामागचा डबा आणि जमिनीच्या कागदांची पिशवी या तीन जागा आधी पाहाव्यात. सैनिकाचे डिस्चार्ज बुक किंवा जुने मुक्ततापत्र सापडले, तर अर्धे काम झाले असे समजावे, कारण त्यात क्रमांक, वडिलांचे नाव, गाव, तालुका, भरतीची तारीख, सेवेची वर्षे, मोहिमा, पदके आणि कधी कधी अंगावरच्या खुणाही नोंदलेल्या असतात. ते नसेल तर पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ शोधावा. अनेक घरांत सैनिकाचा एकही कागद उरलेला नसतो, पण त्याच्या विधवेला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद तिने मरेपर्यंत जपलेला असतो, आणि त्यावर नवऱ्याचा क्रमांक, हुद्दा व पलटण असते. घराण्याचा सैनिकी इतिहास पुष्कळदा बायकांच्या कागदांमुळेच टिकला आहे. म्हणून आजी-पणजीच्या गाठोड्याकडे दुर्लक्ष करू नये.

पदके मिळाली तर ती घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह आवरावा. कडेवरची अक्षरे मुळातच उथळ असतात आणि चिंच, राख किंवा पॉलिश लावून चार दिवाळ्या घासली की क्रमांकातला ३ आणि ८ एकसारखा दिसू लागतो. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी, बाजूने उजेड पाडावा, आणि कडेची चार-पाच छायाचित्रे पदक थोडे थोडे फिरवत घ्यावीत.

कोणते पदक आहे, यावरूनही बरेच कळते. पहिल्या महायुद्धातला ‘१९१४-१५ स्टार’ हा कांस्याचा तारा ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी रणभूमीवर पोहोचलेल्यांना मिळाला आणि त्याच्या पाठीवर नाव-क्रमांक असतो. ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या शिपायांना चांदीचे, तर हमाल व मजूर तुकड्यांतील माणसांना कांस्याचे दिले गेले; त्यामुळे कांस्याचे पदक पाहून ते नकली आहे असे समजू नये, उलट त्यातून पूर्वजाने नेमके कोणते काम केले याचा मोठा पुरावा मिळतो. चांदीची बरीच पदके दुष्काळात किंवा लग्नकार्यात वितळवली गेली. त्यामुळे एखादे पदक घरात नाही, एवढ्यावरून ते मिळालेच नव्हते असा निष्कर्ष काढता येत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांचा अर्थ अधिक सरळ आहे: १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, तर १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. वडील किंवा काका ‘बांगलादेशच्या लढाईत’ होते असे घरात सांगत असतील आणि पदक पश्चिमी स्टार असेल, तर ते पूर्वेला नसून पश्चिम सीमेवर होते. दोन्ही आघाड्या एकाच युद्धाच्या, म्हणून घरच्या गोष्टीत त्या एक होऊन जातात.

वडीलधाऱ्यांना विचारताना “ते कुठे लढले?” हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याला ठरलेले उत्तर मिळते. मनीऑर्डर कोणत्या गावाहून यायची, पत्र कोण वाचून दाखवायचे, सुट्टीवर येताना ते काय आणायचे, कोणाचा जन्म कुठल्या छावणीत झाला, असे प्रश्न विचारावेत. आत्याचा जन्म महू, नसिराबाद, क्वेट्टा किंवा अहमदनगरला झाला असेल, तर त्या वर्षी पलटण तिथे होती का हे पडताळता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला, तो वडील रामजी सकपाळ तेथे सैन्यात होते म्हणून. त्यांचे आजोबा मालोजी हेही सैन्यात होते, आणि निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीला राहिले. दापोलीला आजही जुनी माणसे ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. तेथे सैन्यातील पेन्शनरांची मोठी वस्ती होती. जन्मगाव, निवृत्तीनंतर राहण्याचे ठिकाण आणि मूळ गाव ही तिन्ही वेगवेगळी निघाली, तर हे घर पलटणीबरोबर फिरले होते असे समजून पुढे शोधावे.

पलटणीची नावे बदलतात

ज्याला पुढे जायचे आहे त्याने येथे सावकाश वाचावे, कारण सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात. १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्याचे क्रमांक नव्याने लावले गेले आणि मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात सरसकट शंभर मिळवले गेले. त्यामुळे १९०३ पूर्वी ज्या पलटणी तिसरी, पाचवी, दहावी, चौदावी, सोळावी आणि सतरावी म्हणून ओळखल्या जात, त्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ झाल्या. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना होऊन या सहा पलटणी एकत्र आल्या आणि पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट तयार झाली: १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची प्रशिक्षण देणारी दहावी. स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटच्या नावाआधीचा ‘पाचवी’ हा क्रमांक गेला. १०३ ला, म्हणजे आजच्या पहिल्या मराठाला, ‘जंगी पलटण’ म्हणतात, तर १०५ ला ‘काली पांचवी’. ‘पाचवी’ हा शब्द त्यामुळे तीन वेगळ्या गोष्टींसाठी येतो: १९२२ पासूनची पाचवी रेजिमेंट, तिची पाचवी बटालियन, आणि जुनी काली पांचवी. “आजोबा पाचवी मराठात होते” असे ऐकले की यातली कोणती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुन्या कागदांत ‘३/५’ अशी नोंद दिसली तर ती तारीख नव्हे, ती पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. हीच तिसरी बटालियन १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. म्हणून एकाच माणसाच्या कागदांत आधी ३ मराठा आणि नंतर २ पॅरा असे दिसले तर त्याची बदली झाली असे समजू नये. संस्थानी फौजांचेही असेच आहे. कोल्हापूरची राजाराम रायफल्स ही फौज विलीनीकरणानंतर १९ मराठा झाली आणि बडोद्याची फौज २० मराठा झाली. कोल्हापूरकर घरांत पूर्वज ‘महाराजांच्या फौजेत’ होते असे सांगतात, तेव्हा ब्रिटिश कागदांत न मिळालेले नाव कोल्हापूर पुराभिलेखागारात मिळू शकते.

महार समाजातील घरांसाठी हा शोध वेगळ्या टप्प्यांनी जातो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १८९० च्या दशकाच्या आरंभी त्यांची भरती बंद करण्यात आली. गोपाळ बाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. त्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात आजची महार रेजिमेंट सुरू झाली. या तारखा शोधाच्या दृष्टीने फार उपयोगी आहेत, कारण सेवेचे सांगितलेले साल बंदीच्या काळात पडत असेल तर भरतीचे साल आणि निवृत्तीचे साल यांची सरमिसळ झाली आहे का, की सेवा दुसऱ्या एखाद्या खात्यात होती, हे तपासता येते. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत आडनाव नसते. नावाला ‘नाक’ हा प्रत्यय लागलेला असतो, आणि कोरेगाव भीमाच्या स्तंभावरही अशी ‘नाक’ असलेली नावे कोरलेली आहेत. आज वापरात असलेले आडनाव त्या यादीत शोधणे व्यर्थ आहे. मूळ गाव, वडिलांचे नाव आणि पलटण यांच्या साहाय्यानेच जावे लागते.

सॅपर, म्हणजे लष्करी अभियंते, आणि पायोनिअर, म्हणजे रस्ते-खंदकांचे काम करणारे सैनिक, यांचाही विसर पडू नये. पहिल्या महायुद्धात १९१४ साली फ्रान्सला गेलेल्या इंडियन कोअरमध्ये मराठा नावाची पलटण नव्हती, पण बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या, आणि त्या ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेलला लढल्या. म्हणून ‘फ्रान्स’ ही घरातली आठवण खरी असेल, तर आधी सॅपर आणि पायोनिअर यांच्याकडे पाहावे. बॉम्बे पायोनिअर्स १९३३ मध्ये मोडले गेले, त्यामुळे आज त्यांचे नाव घेणारी पलटण नाही आणि त्यांची आठवण घरांतूनही लवकर पुसली गेली.

स्वातंत्र्यानंतरच्या सेवेचे कागद

१९४७ नंतर सेवेत असलेल्या माणसाची माहिती त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे इंजिनीअर ग्रुपचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि चिलखती दलाचे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आहे. रेजिमेंट माहीत नसेल आणि सात आकडी क्रमांक हाती असेल, तर त्याचे पहिले दोन आकडे पाहावेत. मराठाचे क्रमांक २७ ने आणि महारचे ४५ ने सुरू होतात.

पत्र लिहिताना “आमच्या आजोबांची सर्व माहिती द्यावी” असे लिहू नये. क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, त्या काळच्या नावाने गाव-तालुका-जिल्हा, भरती व निवृत्तीची अंदाजे वर्षे आणि आपले नाते, एवढे आधी द्यावे, नात्याचा पुरावा जोडावा आणि मग नेमके काय हवे ते मागावे. येथे दोन शब्द माहीत असणे महत्त्वाचे आहे. सैनिकाच्या सेवेचा सविस्तर कागद म्हणजे ‘शीट रोल’, आणि सर्वांची एकत्रित थोडक्यातली नोंद म्हणजे ‘लाँग रोल’. ज्यांना निवृत्तिवेतन नव्हते, त्यांचे शीट रोल सेवा संपल्यानंतर २५ वर्षांनी नष्ट केले जातात, पण लाँग रोल ठेवला जातो. त्यामुळे “कागद नष्ट झाले आहेत” असे उत्तर आले तर निराश होऊन थांबू नये. “लाँग रोलमधील नोंदीची प्रत मिळावी” असे दुसरे पत्र पाठवावे. माझ्या आजोबांच्या बाबतीत पहिल्या पत्राला एका ओळीचे नकारार्थी उत्तर आले होते. दुसऱ्या पत्रात लाँग रोल हे दोन शब्द होते, आणि त्याला भरतीची तारीख, सेवेतून मुक्त होण्याचे कारण आणि पदके यांची नोंद मिळाली.

पत्रांना उत्तरच मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डरने भरता येते, आणि उत्तरासाठी साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते. पण मी हा मार्ग दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन, कारण वारसाने आदराने आणि नेमकेपणाने लिहिलेल्या पत्राला रेकॉर्ड ऑफिसातली माणसे पुष्कळदा मनापासून मदत करतात. आपल्या जिल्ह्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही विसरू नये. माजी सैनिक आणि विधवांची नोंदणी तेथे असते, आणि क्रमांक हरवलेला असेल तर तो तेथून मिळण्याची शक्यता मोठी असते.

महायुद्धांतले मृत आणि परतलेले

दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची विनामूल्य शोधसूची हे सर्वांत समृद्ध साधन आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत मरण पावलेले तिच्यात येतात. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा असतो. मात्र तेथे शोध नावाने घेतला तर हाती निराशाच येते, कारण लिहिणाऱ्या कारकुनाने मराठी नाव कानावर पडले तसे इंग्रजीत उतरवले होते. जाधव हे नाव शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा ओ अशा तीन प्रकारे मिळते. चव्हाणाचा चौहान झालेला असतो. शिंदे कधी एसने तर कधी एस-सीने सुरू होते. म्हणून रेजिमेंट निवडावी, युद्ध निवडावे, आणि आडनावाऐवजी नावाचे पहिले तीन-चार वर्ण देऊन यादी वाचत जावी. वेळ लागतो, पण एखादी संध्याकाळ त्यासाठी देणे काही फार नाही.

गावाचे नाव वाचताना जुना नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते; सिंधुदुर्ग त्याच वर्षापर्यंत रत्नागिरीत होता; सांगली जिल्हा काही काळ दक्षिण सातारा म्हणून ओळखला जात होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे आज रायगडचे म्हणून सांगितले जातात, पण त्या काळच्या कागदांत त्यांचा जिल्हा कुलाबाच आहे. कोयनेच्या शिवसागरात बुडालेल्या गावांतली घरे तर दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात गेली. त्यांनी जुन्या गावाच्या नावानेच शोधावे.

कोणाचे नाव कोणत्या स्मारकावर आहे, हे तो कुठे मेला यावर ठरते. फ्रान्स-बेल्जियममध्ये मेलेल्या आणि ज्यांची कबर नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत. मेसोपोटेमियातले बसऱ्याच्या स्मारकाशी जोडलेले आहेत, ब्रह्मदेशातले रंगूनजवळच्या स्मारकाशी, मलाया-सिंगापूरमधले सिंगापूरच्या. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. बसऱ्याबाबत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: तेथल्या फलकांवर भारतीय शिपायांची नावे कोरली गेली नाहीत, अधिकाऱ्यांची तेवढी कोरली गेली, शिपायांचे फक्त आकडे लिहिले गेले. या अन्यायाची कबुली कमिशनने २०२१ मध्ये आपल्या अहवालात दिली. सातारा-रत्नागिरीतल्या घरांना ही गोष्ट जवळून लागते, कारण आपली माणसे मोठ्या संख्येने तेथेच गेली होती. दगडावर नाव नसले तरी सूचीत असू शकते, म्हणून शोध सोडू नये. कोकणातल्या आणि गोव्यातल्या ज्या घरांतले पूर्वज जहाजावर खलाशी होते, त्यांनी मुंबईच्या खलाशी स्मारकाकडे पाहावे; पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती तेथे आहे.

पण बहुतेक माणसे परत आली, आणि परतलेल्यांची सूची असे काही नाही. त्यांच्यासाठी गावाकडे वळावे लागते. कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवराची छोटी पाटी बसवलेली असते: या गावातून महायुद्धात इतकी माणसे गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळचे अपशिंगे, ज्याला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, तेथल्या स्मारकावर मृतांचा आकडा ४६ आहे. पाटीवर नावे नसली तरी त्या काळच्या गावाच्या आकाराशी तो आकडा ताडून पाहावा. बारा-पंधरा घरांच्या भावकीतून किती जण गेले असतील याचा अंदाज येतो.

तलाठ्याकडचे आणि तहसीलमधले जुने फेरफारही वाचावेत. युद्धातील कामगिरीबद्दल काहींना जमीन मिळाली होती, आणि तिची नोंद जमिनीच्या कागदात उरते. जुन्या गाव नमुना १४ मध्ये जन्ममृत्यूच्या नोंदी, तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पालकाचा धंदा लिहिलेला असतो. ‘लष्करात’ किंवा ‘पेन्शनर’ हा एक शब्द दोन पिढ्यांना जोडून देतो. १९५० पूर्वीचे बरेच कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारा माणूस शोधावा किंवा स्वतः शिकावी. एका हिवाळ्यात साधी नोंद वाचण्याइतकी मोडी येते.

ऑनलाइन शोधताना एक गैरसमज हमखास होतो. लाहोरच्या संग्रहालयातील पहिल्या महायुद्धाची जी रजिस्टरे अलीकडे खुली झाली, त्यांतल्या तीन लाखांहून अधिक नोंदी फक्त पंजाबच्या आहेत. महाराष्ट्रातल्या माणसाचे नाव तेथे न सापडणे याचा काहीही अर्थ होत नाही.

तो काय जगला, हे कळण्यासाठी

क्रमांक आणि पलटण हाती आली की पलटणीची युद्धदैनंदिनी वाचावी. पहिल्या महायुद्धातल्या तुकड्यांच्या अशा दैनंदिन्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. इंडिया ऑफिसचे लष्करी कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लंडनला नातेवाईक असतील तर त्यांना एका दिवसाचे काम सांगावे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे बरेच कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. आझाद हिंद सेनेत गेलेल्या पूर्वजांसाठीही दिल्लीचे अभिलेखागारच पाहावे. दैनंदिनीत शिपायाचे नाव क्वचितच येते, पण अमुक तारखेला पाऊस होता, खंदकात गुडघाभर चिखल होता, पीठ संपले, हे येते. मेसोपोटेमियातल्या कूट-अल-अमाराचा वेढा डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात अडकल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात जून १९४२ मध्ये लिबियातले तोब्रुक पडले तेव्हा २/५ मराठा कैदेत गेली. घरात एखाद्या माणसाविषयी “ते लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत” असे सांगत असतील, तर ते युद्धकैदी होते का, हे जरूर पाहावे.

पेशवाईपर्यंत मागे जाण्याची इच्छा सर्वांनाच असते, आणि मी ती कोणाची मोडणार नाही, पण तेथे पाय जपून टाकावा. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर प्रचंड आहे आणि त्यात सरंजाम, शिलेदार, बारगीर यांच्या नोंदी मोडीत आहेत. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचीही मदत होते. वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वंशावळ मिळते. मात्र दफ्तरात आपले आडनाव असलेला शिलेदार दिसला, एवढ्यावरून तो आपला पूर्वज ठरत नाही. मधल्या प्रत्येक पिढीचा एक तरी कागद हवा. तो नसेल तर वंशावळीत तेवढी जागा मोकळी ठेवावी.

सापडेल ते एका वहीत लिहावे, आणि प्रत्येक ओळीपुढे ती कोठून आली हे लिहावे: पदकाची कड, लाँग रोल, चुलतआजी, गावची पाटी. घरची गोष्ट कागदाशी जुळली नाही तरी ती खोडू नये, शेजारी तशीच ठेवावी, कारण पुढच्या कोणाला तिच्यातला दुसरा धागा सापडू शकतो. माझ्या वहीत पणजोबांच्या पानावर ११७ मराठा, मेसोपोटेमिया, चांदीचे वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल एवढे पक्के आहे. १९१४-१५ स्टार आमच्याकडे नाही. तो मिळालाच नसेल, तर पणजोबा १९१५ नंतर गेले आणि कूटच्या वेढ्यात नव्हते. मिळाला असून हरवला असेल, तर ते वेढ्यात असू शकतात. त्या तार्‍याविषयी मी धाकट्या चुलतघराला मागच्या महिन्यात पत्र लिहिले आहे, कारण वाटण्या झाल्या तेव्हा पणजीची पितळी पेटी त्यांच्याकडे गेली होती.